रायपूरची माती आणि मामेभावाची बग्गी

"ताई, तुझ्या पत्त्यावर एक पार्सल येईल. येताना घेऊन ये. आणि हो, मम्मीला सांगू नको."

रायपूरला निघायच्या चार दिवस आधी मामेभावाचा फोन आला. तो दहावीत आहे, त्यामुळे 'मम्मीला सांगू नको' हे ऐकून मला जरा काळजीच वाटली. पार्सल आलं. आत रबराचे चार लहान टायर होते, काटेरी. आणि तेलाच्या दोन इवल्याशा बाटल्या. एकीवर ३५० लिहिलेलं, दुसरीवर ५००. मी फोन करून विचारलं, "हे काय डोक्याला लावायचं तेल मागवलंस का रे?"

"शॉकॲब्सॉर्बरचं तेल आहे ताई, सिलिकॉनचं! आकडा मोठा म्हणजे तेल घट्ट. रविवारी रेस आहे आमची."

मामाच्या घरी जायचं, मामीच्या हातचा फरा खायचा, तेलीबांधा तलावावर फिरायचं, एवढाच माझा बेत होता. तो रविवार मात्र मी शेताच्या बांधावर बसून काढला. आणि लहानपणापासून ज्या गावी जात आले, त्या गावाची जमीन पहिल्यांदा नीट पाहिली.

तात्यापाऱ्यातलं आजोळ

नागपूरहून रायपूर रेल्वेने पाचेक तासांवर. गोंदिया गेलं की थोड्या वेळाने महाराष्ट्र संपतो. डोंगरगडला टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ गाडीतून दिसतं, मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली, तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. तात्यापारा ही तर जुनी मराठी वस्ती. तिथे आजही सकाळी एखाद्या दारासमोर रांगोळी दिसते आणि आतून कुकरच्या शिट्टीबरोबर मराठीत आरडाओरडा ऐकू येतो.

मामाच्या घरात पाच वर्षांपूर्वीपर्यंत सर्वांत मोठा आवाज आजीचा असायचा. ती गेल्यापासून आबा, म्हणजे माझे आजोबा, फारसे घराबाहेर पडत नाहीत. त्यांची सगळी नोकरी कृषी विभागात गेली. पण निवृत्तीनंतर त्यांचं शेत म्हणजे गच्चीवरच्या सहा कुंड्या. मामेभाऊ आणि आबा एकाच खोलीत झोपतात. त्यांच्यातलं बोलणं बहुतेक एवढंच, "दिवा बंद कर", "पाच मिनिटं आबा".

बग्गी, पण वरातीतली नव्हे

रात्री जेवणं झाल्यावर त्याने पलंगाखालून खोका काढला. मामी म्हणाली, "बग्गी म्हटलं की मला लग्नाची वरातच आठवते. आणि हे बघा, झुरळासारखं दिसतं."

झुरळ नाही, पण किड्यासारखी ती दिसते खरी. हातभर लांबी, उघडी चाकं, मागे मोठा पंख. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. बॅटरीवर चालणारी मोटार मागे असते आणि मागचीच दोन चाकं जोर लावतात. सेकंडहँड घेतलेली, पैसे दोन दिवाळ्यांचे आणि एका मुंजीतले.

दुकानातल्या रिमोटच्या खेळण्यात आणि हिच्यात फरक काय, असं मी विचारलं. त्यावर त्याने गाडी उलटी करून पाऊण तास मला शिकवणी दिली. थोडक्यात सांगायचं तर, हिचं सगळं बदलता येतं. टायर बदलता येतात. शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल पातळ किंवा घट्ट करता येतं. स्प्रिंगवर प्लॅस्टिकच्या बारीक चकत्या घालून पोट जमिनीपासून वर-खाली करता येतं. बॅटरी पुढे सरकवली की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागे सरकवली की मागच्या. मोटारीचं दातेरी चाक लहान-मोठं केलं की वेग आणि ओढ बदलते. ह्या सगळ्या जुळवाजुळवीला मुलं 'सेटअप' म्हणतात.

हा छंद तसा जुना आहे. जपानच्या तामिया कंपनीची 'रफ रायडर' ही मातीत पळणारी बग्गी १९७९ ची. १९८४ मध्ये त्यांच्याच 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' आल्या आणि जगभर मुलांनी त्या जोडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची 'आरसी टेन' आली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे ह्या मापाच्या विजेरी बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज युरोपात कित्येक ठिकाणी शर्यती गालिच्यावर किंवा कृत्रिम हिरवळीवर होतात. अमेरिकेतल्या काही बंदिस्त ट्रॅकांवर तर चाकांना पकड मिळावी म्हणून मातीवर साखरेचं पाणी मारतात.

"साखरेचं पाणी? मुंग्या नाही येत?" मामीने विचारलं. ह्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

जागा गेली

खरी अडचण नंतर कळली. ही पाच मुलं दोन वर्षं भाठागावच्या बाजूला एका मोकळ्या जागेवर गाड्या पळवायची. आता त्या भागात आंतरराज्य बसस्थानक आहे, रस्ते रुंद झालेत, आणि त्यांच्या मोकळ्या जागेला प्लॉटसाठी तारेचं कुंपण पडलंय. कॉलनीच्या रस्त्यावर पळवली तर शेजारी ओरडतात. तलावाकाठच्या फरसबंदीवर लोक फिरायला येतात, तिथे प्रश्नच नाही.

अखेर अभनपूरच्या वाटेवर मामाच्या एका मित्राचं शेत आहे, त्यांनी एका रविवारची परवानगी दिली. अट साफ होती. खालच्या शेतात तिवरा उभा आहे, म्हणजे आपली लाखोळी. धूळ उडून पिकावर बसली तर हा रविवार शेवटचा.

शनिवारी सकाळी जागा ठरवायला निघालो. मामाने गाडी काढली आणि सहज विचारलं, "बाबा, येता का? तुमच्या ओळखीचंच गाव आहे." आबा गुडघ्याचं कारण सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी काठी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

एक उतार, चार जमिनी

छत्तीसगडला भाताचं कोठार म्हणतात. हे कोठार सपाट दिसतं, पण सपाट नाही. लांबच लांब, डोळ्यांना न कळणारे उतार आहेत आणि उतारावर माती बदलत जाते. इथल्या शेतकऱ्याकडे तिची चार नावं आहेत. सर्वांत वर भाठा. त्याच्याखाली मटासी, मग डोरसा आणि तळाला कन्हार. "वरून खाली चालत आलास की परीक्षेचा अर्धा अभ्यास झाला," आबा नातवाला म्हणाले.

मग आम्ही खरंच चालत खाली आलो. प्रत्येक ठिकाणी मामेभावाने बग्गी खाली ठेवली.

भाठा म्हणजे आपला मुरूम. लाल, खडेदार, पाणी न धरणारा. बग्गी सोडली तर ती सरळ छान पळाली, पण वळणावर पुढची चाकं वळूनही गाडी सरळच गेली. "खडे गोट्यांसारखे फिरतात चाकाखाली," तो म्हणाला. इथे लांब काट्यांचे टायर लागतात, म्हणजे वरचा सैल थर भेदून काटे खालच्या कडक जमिनीला धरतात. तेल पातळ आणि पोट उंच, म्हणजे चाकं खड्यांवरून उसळली तरी लगेच खाली टेकतात. बॅटरी मागे, म्हणजे जोर लावणाऱ्या चाकांवर वजन. भाठागावच्या जागेवर दोन वर्षं ह्यांनी हाच सेटअप वापरला होता. मी नेलेले टायरही त्याचसाठी होते.

मटासी पिवळट. भात निघून गेलेलं रिकामं खाचर होतं. वरून कडक पापुद्रा, पण चाक दोनदा त्याच जागेवरून गेलं की पापुद्रा फुटून मैद्यासारखी भुकटी. बग्गीमागे पिवळा ढग उठला. आम्ही सगळ्यांनी एकदम खालच्या तिवऱ्याकडे पाहिलं.

डोरसा ह्या दोन्हींच्या मधली, मटासीपेक्षा काळपट आणि कन्हारपेक्षा हलकी. तिथे हरभरा होता, म्हणून बग्गी फक्त बांधावरच्या पायवाटेवर चालवली. पायांखाली तुडवून घट्ट झालेल्या त्या वाटेवर ती सर्वांत शहाण्यासारखी पळाली.

आणि कन्हार. काळी, भारी, आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची बहीण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. पिकाच्या कडेला जिथे ती उघडी होती तिथे हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. बग्गीचं पुढचं चाक भेगेत अडकलं आणि गाडीने कोलांटी मारली. तळ्याच्या काठी तीच माती ओली होती. तिथे चार हात गेली नाही तोवर चारही चाकांवर काळे लाडू तयार झाले आणि मोटार हात लावता येणार नाही इतकी तापली. "अशा वेळी थांबायचं," त्याने लगेच बॅटरी काढली. "मोटारीवर बोट ठेवून पाच सेकंद धरवत नसेल तर तिला विश्रांती."

आबा एका दगडावर बसले होते. त्यांनी चारही ठिकाणची मूठमूठ माती रुमालात आणली होती. बाटलीतलं थोडं पाणी घालून ते एकेक मळायला लागले. भाठ्याची गोळीच होईना. मटासीची गोळी झाली, पण दोरी वळताना तुटली. डोरशाची दोरी झाली, पण तिला बाक दिल्यावर चिरली. कन्हारची दोरी वळून त्यांनी चक्क अंगठी केली आणि नातवाच्या बोटात घातली.

"चाळीस वर्षं हेच केलं," ते म्हणाले. "शेतकरी विचारायचा, ह्या जमिनीत कोणतं भात लावू? हलकी असेल तर लवकर येणारं, भारी असेल तर उशिराचं. पाणी किती दिवस धरेल त्यावर वाण. तू टायर बदलतोस, तो बी बदलतो."

इथल्या शेतकऱ्यांनी जपलेले भाताचे हजारो वाण डॉ. रिछारिया ह्यांनी गावोगाव फिरून गोळा केले होते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आजही वाणांचा मोठा संग्रह आहे. आबा हे सांगत होते तेव्हा मामेभाऊ मोबाइल खिशात ठेवून ऐकत होता. मामाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

खळं करा

प्रश्न उरलाच होता. रेस कुठे घ्यायची? भाठ्यावर उतार फार आणि शेतमालकाच्या गाईंची वाट. कन्हार आणि डोरशावर पीक. उरली मटासी, आणि मटासीची धूळ म्हणजे शेवटचा रविवार.

"खळं करतात तसं करा की," आबा म्हणाले.

आमच्यापैकी एकाही मुलाने खळं पाहिलेलं नव्हतं. मीही नाही, खरं सांगायचं तर. मळणीसाठी जमीन भिजवून, चोपून, शेणाने सारवून घट्ट करायची, म्हणजे धान्यात माती येत नाही. इथे त्या जागेला बियारा म्हणतात. शेतमालकाचा बियारा घराजवळच होता. आबांनी मुलांना तो अनवाणी चालून बघायला लावला.

मग कामाला लागलो. खाचराचा वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद तुकडा निवडला. धसकटं काढली. एकट्या मटासीची पुन्हा भुकटी होणार, म्हणून तळ्याकाठची वाळलेली कन्हार आणून ढेकळं फोडली आणि वरच्या थरात थोडी मिसळली. "मिठासारखी," आबा दर वेळी बजावत होते, "पिठासारखी नाही. जास्त झाली तर भेगा पडतील." बोअरच्या पाण्याचा नळ होता, पण पाइप लहान, म्हणून बादल्या. पाणी शिंपडायचं, थांबायचं, मग धुमसने चोपायचं. धुमस म्हणजे जाड लाकडी ठोकळ्याला दांडा. दहा मिनिटांत मुलांचे हात भरून आले. शेतमालकाच्या सूनबाई हसत आल्या, एक धुमस काढून घेतली आणि दोन कोपरे त्यांनीच सरळ केले. वळणांवर शेणाचा पातळ हात फिरवला. मार्गाच्या कडा कशाने दाखवायच्या? पैऱ्याचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे वेठ वळून अंथरले. गाडी आपटली तरी काही तुटत नाही.

संध्याकाळी पाच वाजता सुरू झालेलं हे काम अंधार पडल्यावर संपलं. परतताना गाडीत मुलांचे तळहात लाल झाले होते आणि आबा झोपले होते.

रविवार

सकाळी साडेआठ. रात्रीतून खळं वाळून ताठ झालं होतं, वर किंचित चकाकी. पाच गाड्या, पाच मिनिटांच्या फेऱ्या. शिट्टी मामाच्या तोंडात. मामी डबा घेऊन आली होती. "वरात निघाली का?" तिने उतरताच विचारलं.

पहिल्या फेरीत मामेभावाने मी आणलेले नवेकोरे काटेरी टायर लावले होते. आणि त्याची गाडी चौथी आली. कडक जमिनीत काटे रुतेनात. ते वाकत होते आणि गाडी त्या वाकलेल्या काट्यांवर तरंगत, घसरत होती. दोनदा वळणावर ती पैऱ्यात घुसली. तो कपाळाला हात लावून बसला. मला उगाच अपराधी वाटलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष आबांच्या पायांकडे गेलं. आबा झिजून गुळगुळीत झालेल्या चपलांनी खळ्यावर मजेत फिरत होते आणि आपले नवे बूट घातलेला पांढऱ्या बग्गीवाला मित्र घसरत होता. त्याने पिशवीच्या तळातून जुने टायर काढले, टाकून द्यायला ठेवलेले. भाठागावच्या खड्यांनी त्यांचे काटे घासून नुसती बुंधं उरली होती.

पुढची वीस मिनिटं तो कोणाशी बोलला नाही. जुने टायर चढवले. ३५० चं तेल काढून ५०० चं भरलं, कारण जमीन सपाट, गाडी वळणात कलू नये. चकत्या काढून पोट खाली आणलं. बॅटरी एक घर पुढे, म्हणजे पुढची चाकं वळण धरतील. आबा चष्मा वर करून बाटलीवरचा आकडा वाचत होते. "घट्ट तेल, घट्ट जमीन," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या फेरीत तो दुसरा आला. पहिला आला तो पांढऱ्या बग्गीवाला, कारण त्याच्याकडे आधीपासूनच गुळगुळीत टायर होते. तिसऱ्या फेरीत दोघांची टक्कर झाली, मामेभावाच्या गाडीचा पुढचा दांडा तुटला आणि त्याची रेस तिथेच संपली. तो रडवेला झाला, मग डबा उघडल्यावर सावरला.

पण आमचं सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. शेतमालक दुपारी आले. खळ्यावर चालले, टाचेने एकदा ठोकून पाहिलं. मग तिवऱ्याच्या कडेला गेले, वाकून दोन-तीन पानांवरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरलं. आम्ही पाच मुलं, दोन बाया, मामा आणि आबा एका रांगेत उभे होतो.

"बने हे," ते म्हणाले. छान आहे. आणि मग हिंदीत, पाऊस पडेपर्यंत वापरा. पावसाळ्यात इथे भातच लागणार. पुढच्या वर्षी खळं पुन्हा करावं लागेल.

"करू," आबा म्हणाले. मुलांच्या आधी.

परत

मामीला टायरचं अर्थातच कळलं. ती रागावली, पण मग तिने विचारलं, "नवे टायर कामाला आलेच नाहीत म्हणजे पैसे वाया?" तो म्हणाला, "नाही मम्मी, भाठ्यावर लागतील." आबांनी मान डोलावली.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. रायपूर सोडल्यावर लाल, मग पिवळं, मग काळं, आणि पुन्हा लाल. इतकी वर्षं हे सगळं मी 'शेतं' एवढ्याच शब्दात पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. "ताई, तुझ्या पत्त्यावर एक पार्सल येईल."

"पुन्हा टायर?"

"नाही, पुढचा दांडा. आणि आबांसाठी भिंग, बाटल्यांवरचं बारीक वाचायला. रोज संध्याकाळी विचारतात, आज कोणतं तेल घालायचं."

जाणार असाल तर

• कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात निघालेलं असतं, हवा सुखद असते.

• काय पाहाल: बूढा तालाब म्हणजेच विवेकानंद सरोवर, खारून नदीवरचा महादेव घाट, दूधाधारी मठ, १८७५ साली सुरू झालेलं महंत घासीदास संग्रहालय. त्याच आवारातल्या गढकलेवामध्ये चिला, फरा, ठेठरी, खुरमी जरूर खा.

• बग्गी नेणार असाल तर: शेतात जाण्याआधी मालकाची परवानगी घ्या. उभ्या पिकाजवळ, गुरांच्या वाटेवर आणि रहदारीच्या रस्त्यावर चालवू नका.

• बॅटरी: लिथियम पॉलिमर बॅटरी मोठ्यांच्या देखरेखीखाली, तिच्यासाठी बनवलेल्या चार्जरवरच चार्ज करा. रात्रभर लावून ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

• नवीन जागेवर आधी एक मूठ माती ओली करून वळून बघा. गोळीच झाली नाही तर लांब काटे, पातळ तेल, उंच पोट. चोपून घट्ट झालेल्या जमिनीवर झिजलेले टायर, घट्ट तेल, खाली पोट. आणि चाकांवर चिखलाचे लाडू बांधले जात असतील तर त्या दिवशी गाडी घरी ठेवा.